मना नाय लागला

नोंदवहीतल्या त्या ओळीत माझे अक्षर नेहमीपेक्षा सुबक आले आहे. मैदानात माणसे खोकत होती, भोंगा अजून थांबला नव्हता, आणि मी शांतपणे लिहिले होते : 'रामा दामोदर मेहेर, ऑपरेटर, कंत्राटी. इजा नाही. वेळ ११.२०.' त्याच पानाला आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेची चिठ्ठी टाचलेली आहे : 'रामा दामोदर मेहेर. उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजलेला. चक्कर येऊन पडले. वेळ ११.४५.'

या दोन वेळांमधली पंचवीस मिनिटे सहा आठवडे माझ्या टेबलावर पडून होती.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या, कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी आहे. लातूरकडून इथे येऊन मला चार वर्षे झाली. अपघातानंतर सगळ्यांत आधी यंत्र थंड होते, मग माणसांच्या आठवणी, आणि सर्वांत शेवटी संशय, एवढे मी या चार वर्षांत शिकलो. संशयाला ऊब लागते, आणि ती माणूस आपल्याच अंगातून पुरवत राहतो.

घडले ते एवढेच. जानेवारीतल्या एका मंगळवारी, दुसऱ्या मजल्यावर, उकळत्या पाण्याच्या पाइपची जोडणी फुटली. तिथे त्या वेळी दोघे होते : रामा, आणि झुंबर नावाचा पन्नाशीचा मदतनीस. झुंबर घसरून पडला. वाफेत त्याला काही दिसले नाही, आणि दिसले नाही हे त्याने प्रामाणिकपणे सांगितले. रामाचे म्हणणे असे की, फवारा अंगावर घेत त्याने व्हॉल्व्ह बंद केला आणि मग झुंबरला उचलून खाली आणले. शिफ्टचा प्रमुख भाग्येश याचे म्हणणे वेगळे होते. पंप आपोआप बंद पडला म्हणून पाणी थांबले. रामा आधी झुंबरला घेऊन पळाला, नंतर गुपचूप वर जाऊन थंड पडलेला व्हॉल्व्ह फिरवून आला, आणि आपण शूर ठरावे म्हणून धुण्याच्या जागेतले गरम पाणी त्याने स्वतःच्या हातावर ओतून घेतले. कायम होणाऱ्या कामगारांची यादी लवकरच लागायची होती.

पंप बंद पडला होता हे खरे. व्हॉल्व्ह बंद सापडला हेही खरे. आधी काय झाले, ते कोणत्याच घड्याळाने टिपले नव्हते.

सहाव्या आठवड्यातल्या शुक्रवारी माझा अहवाल चौकशी समितीपुढे जायचा होता. भाग्येशचे खरे ठरले तर रामाची नोकरी जाणार होती. आणि 'स्वतःला इजा करून घेतली' असा शेरा घेऊन वसाहतीतल्या कोणत्याही कंत्राटदाराच्या दारात त्याला उभे राहता आले नसते.

"साहेब, उकळतं पाणी हातावर पडलं आणि माणूस पंचवीस मिनिटं हूं की चूं करत नाही?" भाग्येश माझ्या टेबलावर बोटांनी ठेका धरत म्हणाला. "माझ्या हातावर चहाचा थेंब उडाला तर मी गल्ली गोळा करतो."

"तुझं वेगळं आहे."

"माझं वेगळं नाही, माझं नॉर्मल आहे. त्याचं वेगळं आहे. आणि हे बघा." त्याने परिचारिकेने काढलेला फोटो मोबाईलवर मोठा केला. लाल, फोडांनी भरलेल्या हातावर, मनगट आणि कोपर यांच्या मधोमध, अंगठ्याएवढ्या रुंदीचा एक तिरका पट्टा जसाच्या तसा राहिला होता. कोरा. "इथं का नाही भाजलं? ओतताना फडकं गुंडाळलं होतं पट्ठ्यानं. फवाऱ्यात असा पट्टा राहतो होय?"

तो पट्टा मी रोज पाहत असे. सगळे पान शाईने भरून जावे आणि मधली एकच ओळ कोणीतरी जाणूनबुजून सोडून द्यावी, तसा तो दिसे; आणि सोडलेल्या ओळीइतके संशयास्पद काही नसते.

"शिवाय तुम्हीच विचारलं होतं त्याला," भाग्येश उठता उठता म्हणाला. "तुमच्याच हातचं आहे. आता तुम्हीच तुमच्या अक्षरावर शंका घेणार?"

विचारले मीच होते. भोंगा झाला की सगळ्यांनी मैदानात जमायचे आणि मी हजेरी घ्यायची, असा नियम आहे. त्या दिवशी मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होतो : लागलंय का? रामासमोर आलो तेव्हा झुंबर त्याच्यावर रेलला होता. रामाचा उजवा हात झुंबरच्या काखेतून त्याच्या पाठीमागे गेलेला होता. तो मला दिसला नाही. डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत दुमडलेली दिसली आणि ती नियमाविरुद्ध आहे, एवढे मात्र मी टिपून घेतले. खरे सांगायचे तर मी माणसांकडे पाहत नव्हतो, वहीकडे पाहत होतो.

"मना नाय लागला," तो म्हणाला होता. "याला बगा."

जबाबासाठी मी त्याला पाचव्या आठवड्यात बोलावले. जखम भरून आली होती. नवी कातडी गुलाबी, चकचकीत, लहान मुलाच्या टाचेसारखी. तो खुर्चीत बसला आणि लगेच अंग चोरून भिंतीकडे सरकला.

"पंखा बंद करा, साहेब."

"अरे, उकडतंय."

"वारा हाताला लागते."

मी पंखा बंद केला, पण विश्वास ठेवला नाही. बंद करताना मी त्याच्या चेहऱ्याकडेच पाहत होतो.

"व्हॉल्व्हचे किती फेरे फिरवलेस?"

"नऊ असत्याल. सातव्याला अडला. मंग चाकाच्या मांगं हात घालून दाबला."

"तेव्हा दुखलं नाही?"

"नाय."

"झुंबरला जिन्यानं खाली आणलंस. मैदानात उभा राहिलास. तरी दुखलं नाही?"

"नाय दुकला."

"आणि आता जखम भरल्यावर नुसत्या वाऱ्यानं दुखतंय?"

"हाय."

"रामा, हे पटतं का तुला तरी?"

"नाय पटत," तो म्हणाला. "मनाच नाय पटत."

यानंतर मी जे केले ते अहवालात नाही. सहीसाठी कागद पुढे करताना मी त्याची कड त्याच्या हातावरून ओझरती जाऊ दिली. मुद्दाम. तो ओरडला नाही. खुर्चीसकट मागे गेला, आणि खुर्ची पडली. 'माफ कर,' असे मी म्हणालो, आणि मनातल्या मनात नोंद केली : अभिनय उत्तम.

तरीही, 'मनाच नाय पटत' हे वाक्य मला सलत राहिले. खोटे बोलणारा माणूस आपले खोटे पटेल असे सजवतो. याने सजवले नव्हते. की न सजवणे हीच त्याची सजावट होती? संशयाला असे जिने असतात, प्रत्येक पायरीखाली आणखी एक.

सहाव्या आठवड्यातल्या बुधवारी मी पालघरला डॉक्टर उन्नती सावे यांच्याकडे गेलो. त्या भूलतज्ज्ञ आहेत आणि जुनाट दुखण्यांच्या रुग्णांना तपासतात. रामाला आमच्या आरोग्य केंद्राने त्यांच्याकडेच पाठवले होते. मी कारखान्याचे पत्र पुढे केले. त्यांनी ते न वाचता परत दिले.

"तुमच्या कामगाराबद्दल मी काही बोलणार नाही. तो माझा पेशंट आहे. पाठीच्या कण्याबद्दल विचारा. तो सगळ्यांना असतो."

"उकळत्या पाण्यानं भाजून माणसाला पंचवीस मिनिटं कळत नाही, असं होऊ शकतं?"

"होतं. तुम्हाला वाटतं, वेदना म्हणजे हातातून निघून थेट मेंदूत जाणारी तार. तसं नाही ते. हातातून फक्त निरोप निघतो. तो आधी मज्जारज्जूत पोचतो, म्हणजे कण्याच्या आत जी दोरी असते तिथं. तिथं त्याला दार आहे. निरोप पुढे जाऊ द्यायचा की नाही, आणि हळू की ओरडून, हे बऱ्याच अंशी वरून ठरतं."

"वरून म्हणजे मनातून?"

"आलात लगेच मनावर," त्या हसल्या. "संशयी माणसाला मन फार सोयीचं पडतं. मन नाही हो. मेंदूच्या तळाशी, मान सुरू होते तिथं, एक देठ असतो. आमच्या केळव्याला पानवेली आहेत. विडा लावताना पहिल्यांदा देठ खुडून टाकायचा, असं मी लहानपणापासून बघितलंय. हा देठ मात्र खुडला तर माणूसच संपतो. श्वास, नाडी, सगळं तिथून चालतं. त्या देठातून धागे खाली उतरतात, त्या दारापर्यंत. जिवावर बेतलं की देठ खाली सांगतो : आता नको. शरीर स्वतःचंच अफूसारखं द्रव्य तिथं सोडतं, आणि निरोप दारातच विरून जातो. कातडी भाजत असते, कळ पोचत नाही. शूराला होतं, भित्र्यालाही होतं. आपण ठरवून होत नाही."

"म्हणजे तो खरं बोलतोय."

"मी तसं म्हटलं नाही." त्यांचा आवाज किंचित करडा झाला. "तो तिथं होता की नव्हता, मला काय माहीत? दुखलं नाही म्हणजे तो तिथं नव्हता, हा तुमचा पुरावा. तो मी काढून घेतेय. दुसरा देत नाहीये."

"पण जखम भरल्यावर? वाऱ्याची झुळूक लागली तरी..."

"तोच देठ. दार लोटणाऱ्या पेशी तिथं आहेत, तशा दार उघडून धरणाऱ्याही आहेत. जखमेनंतर थोडे दिवस दार उघडं असलेलं बरं. माणूस हात जपतो. पण कधी कधी ते मिटायचं विसरतं. झोप नाही, धास्ती आहे, आपल्यावर कुणाची तरी नजर आहे, की ते आणखी ताणून उघडं राहतं. मग वाराही आग होऊन वर जातो. ते दुखणं खरंच असतं, बरं का. कातडीवर शोधू नका, एवढंच." त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. "चौकशी किती दिवस चाललीय?"

"सहा आठवडे."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मला कागदाची ती कड आठवली. माझा हात आपोआप खिशात गेला, एखादी चोरीची वस्तू लपवावी तसा.

"त्या दिवशी तो नेमकं काय म्हणाला होता?" मी उठल्यावर त्यांनी विचारले. "तुमच्या शब्दांत नको. त्याच्या."

"मना नाय लागला."

"तुम्ही कुठले?"

"लातूरकडचा."

"मग एकदा शिरगावला जाऊन या," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटा वाजवली.

गुरुवारी सकाळी मी शिरगावला, रामाच्या गावी, गेलो. किल्ल्याच्या भिंतीला उन्हाची पहिली तिरीप टेकली होती. किनाऱ्याजवळ बांबूंच्या रांगांवर बोंबील वाळत होते, तोंडात तोंड अडकवून, जोडीजोडीने. रामाचे घर त्या रांगांच्या मागे आहे. अंगणात एक बाई सुक्या मासळीचे वाटे करत बसली होती. ती रामाची बायको हंसा.

"आलं का, कागदवालं सायब!" ती मान वर न करता म्हणाली. "आज कागूद नाय आनला? मागल्या टायमाला धार बरी लावली व्हती."

म्हणजे ती कड मुद्दाम लावली, हे रामाला कळले होते. मी उभाच राहिलो.

"वहिनी, मला एक विचारायचंय."

"इचारा. तुमचा पोट इचारूनच भरते."

"रामा त्या दिवशी मैदानात म्हणाला, मला लागलं नाही. आणि नंतर..."

तिने हातातली मासळी टोपलीत टाकली आणि डाव्या हाताचे पहिले बोट माझ्या नाकासमोर धरले. पेरावर एक जुना, पांढरा, खोल व्रण होता. "ही बगा. सुरमई कापताना कोयता घुसला, हाडाला टेकला. बाजार भरलेला, गिऱ्हाईक समोर उबा. मना नाय लागला. टोपली रिकामी झाली, घरी येऊन हात धुतला, तवा लागला. मंग बोंबलली, सारा पाडा जमा झाला."

"म्हणजे बोट कापलं होतं, पण..."

"कापला व्हता नं! रगात काय खोटा व्हता? कापला व्हता, पन लागला नव्हता." माझ्या चेहऱ्यावरचा गोंधळ पाहून तिला माझी थोडी दया आली असावी. "तुमच्या गावाला थंडी असते का नाय?"

"असते."

"ती काय करते? लागते नं? का दगडासारखी येऊन आपटते?"

थंडी लागते. भूक लागते, तहान लागते, ऊन लागते. हे सगळे माझ्याच भाषेत होते. ते शिकायला मला शिरगावला यावे लागले होते. पण पडलेल्या पोराला आमच्याकडे 'लागलं का रे?' विचारतात तेव्हा त्याच्या गुडघ्याकडे पाहतात, रक्त शोधतात. माझ्यासाठी तो शब्द जखमेचा होता. रामासाठी जाणिवेचा. मी मैदानात त्याला विचारले होते, तुला इजा झाली आहे का; आणि त्याने उत्तर दिले होते, मला अजून काही जाणवत नाही. दोघेही खरे बोललो होतो. मग मी माझ्या सुबक अक्षरात त्याचे खरे बोलणे खोटे करून ठेवले होते.

पण शब्दाचा अर्थ बदलला म्हणून व्हॉल्व्ह बंद होत नाही. भाग्येशच्या गोष्टीतही, हात अजून भाजलेलाच नसताना, रामा हेच बोलला असता. मी पायऱ्या चढून आत गेलो. रामा खिडकी लावून, हाताभोवती ओला टॉवेल गुंडाळून, अंधाऱ्या कोपऱ्यात बसला होता. मला पाहताच तो उठला आणि तो हात त्याने पाठीमागे घेतला.

"कागद नाही आणला," मी म्हणालो. "सातव्या फेऱ्याला हात कुठं घातलास, तेवढं दाखव."

त्याने थोडा वेळ माझ्याकडे रोखून पाहिले. त्या नजरेत जो संशय होता तो माझ्या ओळखीचा होता. मीच तो त्याला दिला होता. मग त्याने दाराच्या चौकटीपाशी उभे राहून डाव्या हाताने उजव्या हाताची नक्कल केली : चाक धरले, फिरवले, आणि मग हात चाक आणि भिंत यांच्यामधून आत सरकवून, कोपर वर करून दाबले.

"असा. वरचा पानी तोंडावर येत व्हता. झुंबरदादा खाली पडलेला. मना येवडाच ठावं, चाक फिराया पायजे."

त्याच दुपारी मी भाग्येशला साक्षीदार म्हणून बरोबर घेतले. व्हॉल्व्हवर माझ्याच सहीची चिठ्ठी आणि सील होते. अपघातानंतर त्याला कोणी हात लावला नव्हता. पाइप रिकामा होता. फुटलेली जोडणी वर, डोक्याच्या थोडी पलीकडे, तशीच उघडी होती.

"मोजा, साहेब, मोजा," नोंदवही काखेत धरून भाग्येश म्हणाला. "अडणारच. सातव्याला काय, पाचव्यालाही अडेल. नंतर येऊन फिरवला असेल तरी त्याला तेवढं कळणारच की."

"मला माहीत आहे," मी म्हणालो. "तू टॉर्च घे, आणि वर त्या फुटलेल्या जोडणीपाशी धर. पाणी जिथून येत होतं तिथून."

"टॉर्च? भर दुपारी?"

"धर रे."

त्याने स्टुलावर चढून टॉर्च धरला. मी व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, मग बंद करू लागलो. एक, दोन, तीन. सहावा फेरा सहज गेला. सातव्याला चाक अडले. दोन्ही हातांनी ओढले, हलेना. मग मी बाही कोपरापर्यंत दुमडली आणि रामाने दाखवला तसा उजवा हात चाकाच्या मागून आत घातला. तिथे, पाइपला आधार देणारा एक लोखंडी अँगल भिंतीतून तिरका पुढे आलेला आहे. त्याच्याखालूनच हात न्यावा लागतो, दुसरी वाटच नाही. कोपर वर उचलून मी सगळा भार दिला. चाक कुरकुरले आणि फिरले.

"हात हलवू नका," भाग्येश वरून म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

मी पाहिले. टॉर्चचा उजेड माझ्या सगळ्या हातावर पडला होता. फक्त मनगट आणि कोपर यांच्या मधोमध, अंगठ्याएवढ्या रुंदीची एक तिरकी सावली होती. अँगलची. पाणीही तिथे अडले असणार, उजेडासारखेच. ही सावली पाण्याने तेव्हाच टाकली असती, जेव्हा फवारा चालू होता आणि रामाचा हात नेमका इथे, या अडलेल्या सातव्या फेऱ्यावर होता. थंड व्हॉल्व्ह फिरवायला आलेल्या माणसाच्या हातावर सावली पडत नाही. बादलीने ओतून घेणाऱ्याच्या हातावरही नाही.

भाग्येशने एका हाताने मोबाईल काढून फोटो पाहिला, मग माझा हात, मग पुन्हा फोटो. सावलीचाही एक फोटो काढून तो खाली उतरला.

"फडकं नव्हतं ते," तो शेवटी म्हणाला. मग त्याने माझ्याकडे पाहिले. "साहेब, तुम्हाला लागलं."

"नाही लागलं."

"अहो, लागलंय!"

मी हात वर केला. अँगलच्या धारेने कोपराखाली बोटभर लांब कापले होते. रक्त मनगटापर्यंत येऊन बोटांवरून ठिबकत होते. खालच्या लोखंडी जाळीवर त्याचे बरेच थेंब जमले होते. मला काहीच जाणवले नव्हते. आताही जाणवत नव्हते. मी ते दुसऱ्या कोणाचे असावे तसे पाहत होतो.

भाग्येशने नोंदवही उघडली, पेनाचे टोपण दाताने काढले, आणि सवयीने त्याच्या तोंडून निघून गेले, "मग काय लिहू? इजा नाही?"

म्हटल्यावर तोच ओशाळला. मी त्याच्या हातातून वही घेतली. जिना उतरताना, तिसऱ्या की चौथ्या पायरीवर, कळ आली. पूर्ण, एकदम, सगळा हात भरून. मी कठडा धरून खाली बसलो, आणि मला हसू की रडू येत होते ते मलाच कळेना.

शुक्रवारी समितीपुढे मी नोंदवहीतली ती ओळ एका रेघेने खोडली. नियमाप्रमाणे खालचा मजकूर वाचता येईल अशीच. वर लिहिले : 'इजा झाली होती, त्या वेळी जाणवली नाही. नोंद करणाऱ्याची ऐकण्यात चूक.' सही केली, तारीख घातली. सावलीचा फोटो आणि परिचारिकेने काढलेला फोटो शेजारी शेजारी ठेवले. भाग्येशने आपण होऊन सांगितले की टॉर्च त्याच्या हातात होता.

"म्हणजे एका शब्दासाठी सहा आठवडे गेले?" अध्यक्षांनी विचारले.

"हो," मी म्हणालो.

रामा कामावर राहिला, आणि 'स्वतःला इजा' हा शेरा त्याच्या कागदांवर लागला नाही. यादीत त्याचे नाव घालावे अशी शिफारस मी केली आहे. तिचे काय होईल ते मला माहीत नाही.

शनिवारी संध्याकाळी मी समितीच्या निर्णयाचे पत्र घेऊन पुन्हा शिरगावला गेलो. हंसाने ते घेतले, उलटसुलट पाहिले, आणि बोट ठेवून विचारले, "हितं काय लिवलाय? लागला असाच लिवलाय नं?"

"हो. लागलं असंच."

"कागदाला बी लागला म्हनायचा शेवटी," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.

रामा ओट्यावर बसला होता, हाताला तोच टॉवेल; मी त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसलो. मला वाटले होते, पत्र पाहून त्याचा चेहरा सैल होईल. झाला नाही. त्याने पत्र डाव्या हाताने घेऊन मांडीखाली ठेवले. "डाक्टरीनबाय बोल्ली, हळूहळू जाईल," तो म्हणाला. "कवा जाईल ते नाय बोल्ली."

समुद्राकडून वारा आला. बांबूंवरचे बोंबील खडखडले. रामाने डोळे मिटून हात पोटाशी घेतला, आणि माझी नजर, माझ्या नकळत, त्याच्या चेहऱ्यावर गेली. मी मोजू लागलो होतो : किती दुखत असेल, किती दाखवत असेल. सहा आठवड्यांची सवय.

मी उठलो, खुर्ची उचलली आणि त्याच्याकडे पाठ करून, समुद्राकडे तोंड करून मांडली. बसलो. मासळीच्या रांगांमधून पाण्याची एक पातळ, राखाडी रेघ दिसत होती. आत कपबशा वाजत होत्या. माझ्या स्वतःच्या हातावरचे टाके हलकेच ठणकत होते.

मागे टॉवेलची गाठ सोडल्यासारखा आवाज आला. तसा तो खरेच आला का, हे मला सांगता येणार नाही. मी वळून पाहिले नाही.